आगाखान नेटवर्कच्या कॅनडातल्या भागीदाऱ्या: पैशापलीकडे काय होतं, आणि मराठी मंडळाला त्यातलं काय जमेल

प्रश्न असा आहे. मिसिसागातल्या एका मराठी मंडळाला इथल्या विद्यापीठात मराठी भाषा-संस्कृतीसाठी काहीतरी कायमचं उभं करायचं आहे. बैठकीत कुणीतरी आगाखान डेव्हलपमेंट नेटवर्कचं उदाहरण दिलं: टोरंटोतलं संग्रहालय, एडमंटनजवळची बाग, ऑटावातलं केंद्र. त्यावर दुसरं कुणी म्हणालं, ‘तो सगळा पैशाचा खेळ आहे, आपल्याला नाही परवडणार.’ तर हे खरंच फक्त पैशाच्या जोरावर झालं का? आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल?

टोरंटो परिसरातली संग्रहालयं, शाळा आणि विद्यापीठं यांना एकत्र आणणारे कार्यक्रम जुळवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते: पैसा होता, भरपूर होता. पण पैसा ओतूनही इथे काही न टिकलेले समाज मी पाहिले आहेत. आगाखान नेटवर्कने दर वेळी एक गोष्ट आधी ठरवली, ती म्हणजे उभं राहील त्याची किल्ली कोणाच्या खिशात असणार. कधी ती स्वतःकडे ठेवली, कधी समोरच्याला देऊन टाकली, कधी दोघांनी मिळून धरली. हे नीट समजून घेतलंत तर तुमच्या मंडळाचा अर्धा प्रश्न सुटेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आगाखान हे निजारी इस्माइली शिया मुसलमानांचे इमाम. आपल्याकडे हा समाज बराचसा खोजा म्हणून ओळखला जातो. पहिले आगाखान हसन अली शाह इराण सोडून शेवटी मुंबईत स्थायिक झाले, १८८१ मध्ये तिथेच वारले आणि माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी बांधला आणि चौथ्यांनी १९६९ मध्ये देशाला देऊन टाकला. याच चौथ्या आगाखानांनी, म्हणजे शाह करीम अल-हुसैनी यांनी, १९६७ मध्ये आगाखान फाउंडेशन स्थापन केलं. पुढे विद्यापीठ, संस्कृती ट्रस्ट, आरोग्य, आर्थिक विकास अशा संस्था मिळून नेटवर्क तयार झालं. नेतृत्व धार्मिक असलं तरी शाळा, दवाखाने आणि संग्रहालयं सगळ्यांसाठी खुली असतात. चौथे आगाखान फेब्रुवारी २०२५ मध्ये लिस्बनला वारले आणि त्यांचे चिरंजीव रहीम पाचवे आगाखान झाले.

कॅनडाशी नातं जडलं ते संकटातून. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. पिअर त्रुदो तेव्हा कॅनडाचे पंतप्रधान होते आणि आगाखानांशी त्यांची ओळख होती. कॅनडाने कंपालात अधिकारी पाठवले आणि पुढच्या काळात सात हजारांच्या आसपास माणसं इथे आली. त्यांत इस्माइली मोठ्या संख्येने होते. गोवेकरही होते, हे आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं. ऑटावाच्या कार्लटन विद्यापीठात या स्थलांतराच्या कागदपत्रांचा संग्रह आहे, कुणाला पूर्वजांचा माग काढायचा असेल तर जरूर बघा.

रिकाम्या हातांनी आलेल्या समाजाने आठ वर्षांत, १९८० मध्ये, आगाखान फाउंडेशन कॅनडा ही संस्था सुरू केली. तिने पहिल्यांदा इमारत बांधली नाही. कॅनडाच्या विद्यापीठांना ती कराचीला घेऊन गेली. आगाखान विद्यापीठाला १९८३ मध्ये सनद मिळाली, पण नर्सिंगची शाळा त्याआधीच सुरू झाली होती. त्या काळच्या दक्षिण आशियात परिचारिकेच्या कामाला ना मान होता ना पुढचं शिक्षण. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने अभ्यासक्रम आणि अध्यापक घडवायला मदत केली आणि कॅनडा सरकारच्या विकास संस्थेने निधी दिला. मग १९९३ मध्ये कराचीत शिक्षक-प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, तिथे टोरंटो आणि ऑक्सफर्ड ही दोन विद्यापीठं भागीदार होती. सुरुवातीला बाहेरचे प्राध्यापक येऊन शिकवत. त्याच वेळी कराचीची माणसं टोरंटोला आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेटसाठी जात होती, परत येऊन त्यांनीच शिकवावं म्हणून. पाहुण्याने कधी बाहेर पडायचं हे आराखड्यातच असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या बहुतेक उपक्रमांत पाहुणा वक्ता येतो, शाल-श्रीफळ होतं, आणि पुढच्या वर्षी नवा पाहुणा शोधावा लागतो.

याच काळात, १९८५ मध्ये, व्हॅंकूवरच्या इस्माइली महिलांनी निधी गोळा करायला एक पदयात्रा काढली. पुढे ती अनेक शहरांत पसरली आणि वर्ल्ड पार्टनरशिप वॉक म्हणून ओळखली जाते. गोळा झालेला सगळा पैसा प्रकल्पांवरच जाईल, असा तिचा शिरस्ता आहे. शेजारी, सहकारी, शाळेतल्या मित्रांचे आईवडील असे सगळे त्यात चालतात. सरकारी अनुदान मागायला जाताना ‘आमच्या मागे इतके सामान्य कॅनडियन आहेत’ हे दाखवता येणं, ही या पदयात्रेची खरी कमाई होती.

आता किल्लीच्या तीन तऱ्हा.

एडमंटनची बाग ही किल्ली देऊन टाकल्याची गोष्ट आहे. अल्बर्टा विद्यापीठ आणि आगाखान विद्यापीठ यांच्यात २००६ मध्ये सहकार्याचा करार झाला. त्या नात्यातून आगाखानांनी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला मुघल धाटणीची बाग भेट द्यायचं ठरवलं. सुमारे अडीच कोटी डॉलरची ही भेट. ४.८ हेक्टरची बाग २०१८ मध्ये खुली झाली. नेल्सन बर्ड वोल्ट्झ या अमेरिकन संस्थेने आराखडा केला. चारबागेची, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेची, जुनीच रचना, वाहतं पाणी, फळझाडांचा बोस्तान, शेवटी मोठं तळं. पण जमीन अल्बर्टाची! तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, पाट गोठतात आणि चारबाग कित्येक महिने बर्फाखाली असते. दिल्ली-आग्र्याची झाडं तिथे एक हिवाळासुद्धा काढणार नाहीत, म्हणून फळझाडांसकट सगळी लागवड थंडी सोसणारी निवडावी लागली. आगाखान संस्कृती ट्रस्टने हुमायूनच्या मकबऱ्याची चारबाग २००३ मध्ये पुन्हा नांदती केली होती, त्यामुळे पाणी आणि भूमिती यांची जाण त्यांच्याकडे होतीच. बर्फात झाड जगवायचं ज्ञान विद्यापीठाच्या माळ्यांकडे होतं. दोन्ही बाजूंकडे दुसऱ्याला नसलेलं काहीतरी असणं, हा भागीदारीचा गाभा इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

विद्यापीठाच्या बाजूने पाहा. त्यांचं उद्यान १९५९ पासून होतं आणि त्यात कुरिमोटो नावाची जपानी बागही आधीपासून होती. म्हणजे परक्या परंपरेची बाग सांभाळायची सवय, माणसं आणि अवजारं तिथे होती. आगाखानांनी मोकळ्या माळावर नवं काही रोवलं नाही, चालत्या संस्थेला जोड दिली. आज देखभाल विद्यापीठ करतं, तिकीट विद्यापीठ लावतं, शाळेच्या सहली विद्यापीठ नेतं. नाव आगाखानांचं आहे, बाग विद्यापीठाची आहे. आपलं असून दुसऱ्याच्या हाती सोपवायला फार मोठं मन लागतं, आणि इस्माइली समाजाच्या या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

टोरंटोचं आगाखान संग्रहालय याच्या नेमकं उलट. किल्ली पूर्णपणे नेटवर्ककडे. खरं तर संग्रहालय लंडनला, थेम्सकाठी संसदेसमोर व्हायचं होतं. ती जागा मिळाली नाही आणि २००२ मध्ये टोरंटोचं नाव जाहीर झालं. डॉन व्हॅली महामार्गालगत, वाइनफर्ड ड्राइव्हवर, सुमारे १७ एकरांत संग्रहालय आणि इस्माइली केंद्र अशा दोन इमारती सप्टेंबर २०१४ मध्ये खुल्या झाल्या. संग्रहालय जपानी वास्तुकार फुमिहिको माकी यांचं. त्यासमोरचं इस्माइली केंद्र आपल्या चार्ल्स कोरियांचं. पणजीची कला अकादमी, मुंबईतली कांचनजंगा इमारत आणि बेलापूरची वसाहत यांमुळे कोरिया मराठी माणसाला परके नाहीत. त्यांनी इथे प्रार्थनागृहावर काचेचा पैलूदार घुमट चढवला, रात्री तो आतून उजळतो. दोन्ही इमारतींची स्थानिक जबाबदारी टोरंटोच्या मोरियामा अँड तेशिमा या संस्थेकडे होती. तिचे संस्थापक रेमंड मोरियामा लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह कॅनडातल्याच छावणीत डांबले गेले होते.

त्या आवारात एक गोष्ट मुद्दाम जाऊन पाहा. प्रार्थनेची जागा एका बाजूला, संग्रहालय दुसऱ्या बाजूला, मध्ये ग्रॅनाइटच्या पाच तळ्यांची बाग. प्रार्थनेची वेळ समाजाची आहे, संग्रहालयाची वेळ शहराची आहे, आणि एकीसाठी दुसरी अडत नाही. आपण एकाच सभागृहात आरती, नाटक, मराठी शाळा आणि ‘बाहेरच्यांसाठी संस्कृती परिचय’ असं सगळं उरकतो. विद्यापीठातून आलेल्या पाहुण्याला मग कळत नाही की आपण देवळात आलोय की व्याख्यानाला. सरकारी आणि विद्यापीठाचा निधी मिळवताना ही सरमिसळ हमखास आडवी येते.

संग्रहालय शाळांशी कसं जोडलं जातं ते जवळून सांगते, कारण हे माझं रोजचं काम. त्यांच्या संग्रहात इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाच्या, म्हणजे ‘कानून’च्या, पाचव्या भागाची १०५२ सालातली हस्तलिखित प्रत आहे. ग्रंथकर्ता १०३७ मध्ये वारला, त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांतली. पाचवा भाग मिश्र औषधांचा, कोणत्या द्रव्यात काय किती घालायचं याचा. आता ऑन्टारिओत चौथीच्या समाजशास्त्रात ‘इसवी सन १५०० पर्यंतचे प्राचीन समाज’ असा विषय आहे. शिक्षिकेला सहल काढायची तर मुख्याध्यापकांना दाखवावं लागतं की ही सहल अभ्यासक्रमात नेमकी कुठे बसते. बसचं भाडं, पालकांची संमती, दुपारच्या डब्याची सोय हे सगळं त्यानंतर. १०५२ चं औषधाचं पुस्तक तिथे चपखल बसतं. अशा पानासमोर आलेली नऊ-दहा वर्षांची मुलं धर्माबद्दल काही विचारत नाहीत. ती विचारतात, ‘हे औषध घेऊन माणूस बरा व्हायचा का?’ आणि तिथून वैद्यक, व्यापार, कागद, भाषांतर असं बोलणं आपोआप पुढे जातं. इस्लामबद्दल मनात काही घेऊन आलेला शिक्षकही त्या प्रश्नापाशी मोकळा होतो.

हेच आपल्याला लावून पाहा. ज्ञानेश्वरी १२९० ची, वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं. दोन्ही चौथीच्या चौकटीत बसतात. शिवकाल बसत नाही, तो सतराव्या शतकातला. म्हणून मंडळांनी इतक्या प्रेमाने मांडलेली किल्ल्यांची प्रदर्शनं शिक्षकांना आवडतात, पण वर्गासाठी वापरता येत नाहीत. महाराजांवरच्या भक्तीचा इथे प्रश्नच नाही. शिक्षिकेच्या हातात अभ्यासक्रमाचा जो कागद आहे, तो आधी वाचायला हवा, एवढंच.

विद्यापीठांशीही संग्रहालय असंच काम करतं. रेशीम मार्गावरच्या ग्रंथांचं मोठं प्रदर्शन त्यांनी टोरंटो विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर केलं. अभ्यासकांना संशोधन लोकांपुढे मांडायला जागा मिळाली, संग्रहालयाला वर्षानुवर्षांचा व्यासंग आयता मिळाला.

तिसरी तऱ्हा ऑटावाच्या ग्लोबल सेंटर फॉर प्लुरलिझमची, दोघांनी मिळून धरलेल्या किल्लीची. २००६ मध्ये कॅनडा सरकारशी करार झाला. सरकारने तीन कोटी डॉलर दिले, आगाखानांनी एक कोटी. ससेक्स ड्राइव्हवरची जुनी पुराभिलेखागाराची इमारत, जिथे नंतर युद्ध संग्रहालय होतं, ती सरकारने दिली आणि २०१७ मध्ये केंद्र तिथे सुरू झालं. कोफी अन्नान आणि कॅनडाच्या माजी गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन केंद्राच्या संचालक मंडळावर होते. वेगवेगळ्या समाजांनी एकत्र कसं राहावं हा केंद्राचा विषय, आणि दर दोन वर्षांनी ते जागतिक पुरस्कारही देतं. हा विषय निवडण्यात मोठं शहाणपण होतं. बहुसांस्कृतिक धोरण ही कॅनडाला स्वतःबद्दल अभिमान वाटणारी गोष्ट. आगाखानांनी सरकारला ‘आमची संस्कृती जपा’ असं म्हटलं नाही. तुमच्या देशाने जे कमावलं आहे ते जगाला उपयोगी पडेल, ते मिळून मांडू, असं म्हटलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे बोलण्याचा मान त्यांना मिळाला, तो अशा नात्यातून.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारशी इतकी जवळीक असली की व्यक्तिगत मैत्री आणि संस्थेचा व्यवहार यांत अंतर ठेवावंच लागतं. २०१६ च्या नाताळात पंतप्रधान जस्टिन त्रुदो सहकुटुंब आगाखानांच्या बहामाजमधल्या खासगी बेटावर सुट्टीला गेले. त्याच वेळी फाउंडेशनची सरकारदरबारी लॉबिंगसाठी नोंदणी होती. नीतिमत्ता आयुक्त मेरी डॉसन यांनी डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल दिला की त्रुदो यांनी हितसंबंधांच्या कायद्याचा भंग केला. दोष पंतप्रधानांवर होता, पण चांगल्या कामाचं नाव कित्येक महिने भलत्या बातम्यांत राहिलं. तुमच्या मंडळाच्या पातळीवर हे छोटं दिसेल, पण स्थानिक खासदार कुणाचा तरी मित्र असतोच. अनुदानाचा अर्ज चालू असताना त्याला मेजवानीला बोलावू नका. बोलावलंच तर इतिवृत्तात नोंद करा.

दुसरा प्रसंग भारतीयांना आठवत असेल. जुलै २०२२ मध्ये टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा एक प्रकल्प संग्रहालयात सादर झाला. त्यातल्या अठरा छोट्या चित्रफितींपैकी एकीच्या जाहिरातीत कालीमातेचं चित्रण ज्या प्रकारे होतं, त्यावरून हिंदू समाजात संताप झाला. भारतीय उच्चायोगाने आक्षेप घेतला, संग्रहालयाने खेद व्यक्त केला. कलावंताचं स्वातंत्र्य आणि भाविकांच्या भावना हा वाद इथे सोडवत बसत नाही. कामाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: आशय विद्यापीठाचा, छत संग्रहालयाचं, मग उत्तर कोणी द्यायचं? करार लिहिताना हे कलम आधी घाला. आशयाची निवड कोण करणार, जाहिरात कोण तपासणार, तक्रार आली तर कोण बोलणार. पाहुण्याचा आशय आपल्या छताखाली येतो तेव्हा लोक पाहुण्याला विचारत नाहीत.

आता तुमचं मंडळ. पैशाची शंका अगदीच चुकीची नाही. संग्रहालयाला सुमारे तीस कोटी डॉलर लागले, असं तेव्हा छापून आलं होतं. आपण त्या वाटेला जाऊ नये. पण बागेची वाट, म्हणजे चालत्या संस्थेला जोड देऊन किल्ली तिच्याकडे सोपवण्याची वाट, छोट्या रकमेतही जमते. विद्यापीठातला कायम निधी वर्षाला साधारण चार टक्क्यांच्या आसपास खर्चायला देतो. दहा लाख डॉलर जमवलेत तर वर्षाला चाळीस हजार मिळतील. त्यात पूर्णवेळ प्राध्यापक येत नाही, पण एखादा मराठीचा वर्ग, एक उन्हाळी शिष्यवृत्ती आणि ग्रंथालयासाठी थोडी खरेदी होते. आधी विद्यापीठात कोण आहे ते पाहा. टोरंटो विद्यापीठात नरेंद्र वागळे यांनी महाराष्ट्राच्या इतिहासावर मोलाचं काम केलं. पण काम एका अभ्यासकाच्या बळावर उभं असेल, तर तो निवृत्त झाल्यावर ती जागा त्याच विषयाला मिळेल याची खात्री नसते. म्हणून निधी एखाद्या माणसाला न जोडता विभागाला जोडा, आणि विभागप्रमुखांना आधी विचारा: तुम्हाला काय कमी पडतंय? भक्तिपरंपरेचा तौलनिक अभ्यास, दक्षिण आशियाई शहरांचा इतिहास, दलित साहित्य, स्थलांतर यांतलं काहीही त्यांच्या गरजेचं असू शकतं. त्यात मराठीचं दालन उघडेल.

सगळ्यात अवघड अडचण तुमच्या घटनेत आहे. आगाखान नेटवर्कमध्ये निर्णय घेणारी गादी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चौथे आगाखान १९५७ ते २०२५ इमाम होते. बागेचा विचार सुरू झाल्यापासून ती खुली होईपर्यंत आपल्या मंडळात किती अध्यक्ष झाले असते? ठराविक मुदतीनंतर कार्यकारिणी बदलते, नव्यांना जुन्यांचा उपक्रम ‘त्यांचा’ वाटतो आणि विद्यापीठाला दर वेळी नवा माणूस भेटतो. निवडणुका बंद करा असं मी म्हणणार नाही, लोकशाही ही मंडळांची शान आहे. विद्यापीठाच्या कामासाठी वेगळा विश्वस्त निधी काढा. विश्वस्तांची मुदत लांब ठेवा, त्यांतले थोडेच एका वेळी बदलतील अशी तजवीज करा, आणि एक-दोन बिगरमराठी माणसं घ्या.

प्रत्यक्ष कामाला लागताना पहिलं पाऊल शाळेचं घ्या. ऑन्टारिओच्या शिक्षण मंडळांत आंतरराष्ट्रीय भाषांचे वर्ग भरतात आणि पुरेसे पालक मिळून मागणी करतात तेव्हा नव्या भाषेचा वर्ग सुरू होऊ शकतो. त्या वर्गाचा दोन-तीन वर्षांचा पट हातात असला की विद्यापीठाशी बोलणं सोपं जातं, कारण पुढचे विद्यार्थी कुठून येणार हे दाखवता येतं. दरम्यान कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे धर्मादाय नोंदणी आहे का ते तपासा. नसेल तर देणगीदारांना सांगा की पैसे थेट विद्यापीठाच्या नावे द्या, विद्यापीठ करसवलतीची पावती देऊ शकतं. भारतातल्या एखाद्या संस्थेला जोडून घ्यायचं असेल तर परकीय देणगीच्या कायद्याखाली तिची नोंदणी चालू आहे ना, हे पैसे पाठवण्याआधी लेखी मागवा. या शेवटच्या दोन कामांसाठी धर्मादाय संस्थांचं काम करणारा वकील गाठा आणि त्याची फी पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा.